ऑक्टोबरच्या ट्रेड-चर्चेत उतरण्याआधी: वेस्टर्न बुलडॉग्जच्या नव्या मराठी चाहत्यांसाठी

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, वेरिबी, पॉइंट कुक भागात राहायला आलेली बरीच मराठी मंडळी एक-दोन हंगामांत फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, बघायला लागतात आणि फुटस्क्रेचा क्लब म्हणजे आपल्या बाजूचा क्लब म्हणून बुलडॉग्जना धरतात. खेळ लवकर समजतो. मार्क म्हणजे काय, गोलला सहा आणि बिहाइंडला एक गुण का, हे चार सामन्यांत अंगवळणी पडतं. मग सप्टेंबर संपतो, सामने थांबतात आणि ऑफिसातले सहकारी भलतंच काही बोलू लागतात: अमका आउट ऑफ कॉन्ट्रॅक्ट आहे, तमक्यासाठी दोन फर्स्ट राउंडर द्यावे लागतील, बिड लवकर आली तर आपले पॉइंट्स पुरतील का. नवा माणूस इथे गप्प होतो.

मलाही हे सगळं तुकड्यातुकड्यांनी गोळा करावं लागलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून क्रमाने लिहिते. वाचताना एक धागा धरून ठेवा: ट्रेडचा (क्लबांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीचा) वाद कुठल्याही नावावरून सुरू होवो, तो शेवटी अख्ख्या लिस्टचा असतो. आपल्या लिस्टमध्ये काय कमी आहे, ते आणायला काय द्यावं लागलं आणि त्यातून पुढे कुठली नवी अडचण तयार झाली, या तीन प्रश्नांवर बोलणाऱ्याचं सगळे ऐकून घेतात.

जवळ काय असावं

- क्लबच्या संकेतस्थळावरची चालू लिस्ट: वय, उंची, खेळण्याची जागा.
- कोणाचा करार कोणत्या वर्षी संपतो त्याची नोंद. एएफएलच्या (फुटीच्या राष्ट्रीय लीगच्या) संकेतस्थळावर करार संपणाऱ्या खेळाडूंची यादी हंगामभर येत असते.
- आपल्या क्लबकडे यंदाचे आणि पुढच्या वर्षाचे कुठले ड्राफ्ट पिक आहेत ते. ड्राफ्ट म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, पिक म्हणजे त्यातली पाळी.
- त्या वर्षीचं पॉइंट्सचं, म्हणजे प्रत्येक पिकच्या किमतीचं, कोष्टक.
- एक वही किंवा एक्सेलची शीट. सहाव्या पायरीत ती लागेल.

१. आयपीएलचा लिलाव डोक्यातून काढा

आपण क्रिकेटवर वाढलो, त्यामुळे पहिला गोंधळ इथेच होतो. इथे लिलाव नाही, आणि युरोपातल्या फुटबॉलसारखी ट्रान्स्फर फीसुद्धा नाही. दुसऱ्या क्लबला पैसे देऊन त्याचा खेळाडू विकत घेता येत नाही. द्यायचे ते खेळाडू किंवा ड्राफ्ट पिक. शिवाय ज्याचा ट्रेड होतोय त्याची संमती लागते. क्लबने परस्पर कोणाला दुसऱ्या शहरात पाठवून दिलं असं होत नाही.

एएफएलमध्ये सध्या अठरा क्लब आहेत. प्रत्येकाच्या लिस्टवर रूकी (शिकाऊ यादीतले खेळाडू) धरून चाळीस-बेचाळीसच्या आसपास खेळाडू असतात आणि सामन्याच्या दिवशी त्यातले २३ निवडले जातात. ट्रेड आणि ड्राफ्ट आटोपले की ही लिस्ट जवळजवळ बंद होते. हंगामाच्या मध्यावर रूकी खेळाडूंचा एक छोटा ड्राफ्ट होतो, पण मोठा खेळाडू जखमी झाला म्हणून जूनमध्ये बाहेरून बदली आणता येत नाही. ऑक्टोबरमधला प्रत्येक निर्णय वर्षभर भोगावा लागतो, म्हणूनच लोक इतक्या पोटतिडकीने भांडतात.

२. तारखांचा क्रम पाठ करा

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी एमसीजीवर ग्रँड फायनल. त्यानंतरच्या आठवड्यात फ्री एजन्सी उघडते, तिच्या मागोमाग साधारण दहा दिवसांचा ट्रेड पिरियड, आणि नोव्हेंबरमध्ये नॅशनल ड्राफ्ट. तारखा दर वर्षी थोड्या हलतात, क्रम हलत नाही. मोठे ट्रेड बहुधा शेवटच्या दोन दिवसांतच उरकतात, कारण दोन्ही बाजू ताणून धरतात. पहिल्या आठवड्यात काही हललं नाही म्हणून क्लब झोपलाय असा निष्कर्ष काढू नका.

३. आधी करार बघा, मग मत द्या

कोणत्याही नावावर बोलण्याआधी तो खेळाडू कुठल्या गटात बसतो ते पाहा. सगळी सौदेबाजी त्यावर ठरते.

करार शिल्लक असलेला खेळाडू मागणी करू शकतो, क्लब नाही म्हणू शकतो. करार संपलेल्याने क्लबचं नाव घेतलं की त्याच्या जुन्या क्लबची बाजू पडते, कारण फार ताणलं तर तो ड्राफ्टच्या वाटेने हातातून जाऊ शकतो. तिसरा गट फ्री एजंटचा. ही सोय २०१२ पासून आहे. एकाच क्लबमध्ये आठ वर्षं काढलेला आणि क्लबमधल्या सर्वाधिक पगाराच्या पाव भागात मोडणारा खेळाडू रिस्ट्रिक्टेड असतो, म्हणजे बाहेरचा प्रस्ताव आला तर जुना क्लब तेवढाच पगार देऊ करून त्याला अडवू शकतो. त्या पाव भागाबाहेरचा, किंवा दहा वर्षं झालेला, मोकळा असतो. फ्री एजंट गेला तर नवा क्लब काही देत नाही. भरपाईचा पिक लीग देते.

जॉश डंकलीची कारकीर्द यासाठी समोर ठेवा, तिच्यात जवळजवळ सगळं आहे. त्याचे वडील अँड्र्यू डंकली सिडनीकडून शंभराहून जास्त सामने खेळले, म्हणून २०१५ च्या ड्राफ्टमध्ये सिडनीचा त्याच्यावर पहिला हक्क होता. बुलडॉग्जनी २५ नंबरवर त्याच्यासाठी बिड लावली, म्हणजे तो पिक त्याच्यावर वापरायची तयारी दाखवली; सिडनीला तो हवा तर तेवढी किंमत भरावी लागणार होती. त्याच ड्राफ्टमध्ये सिडनीला आपल्या अकॅडमीच्या (क्लबच्या स्वतःच्या प्रशिक्षण योजनेच्या) कॅलम मिल्ससाठी मोठी किंमत मोजावी लागली होती. डंकलीची बिड त्यांनी सोडून दिली. पुढच्याच वर्षी बुलडॉग्जनी ग्रँड फायनलमध्ये सिडनीलाच हरवलं, तेव्हा डंकली आपल्या संघात होता आणि मिल्स समोरच्या. २०२० मध्ये त्याने एसेंडनला जायचं म्हटलं. करार शिल्लक होता, बुलडॉग्जनी नकार दिला, तो परत आला आणि जोमाने खेळला. २०२२ मध्ये करार संपला, त्या वर्षीचा क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने मिळवला आणि तो ब्रिस्बेनला गेला. तिथे २०२४ आणि २०२५ अशी दोन विजेतेपदं त्याच्या वाट्याला आली. तोच खेळाडू, तोच क्लब, दोन वर्षांच्या अंतराने दोन वेगळे निकाल, आणि फरक एवढाच की दुसऱ्या वेळी करार उरला नव्हता.

रिस्ट्रिक्टेडचं उदाहरण जेरेमी कॅमेरॉनचं. २०२० मध्ये जिलाँगने त्याला प्रस्ताव दिला, त्याच्या जुन्या क्लबने, जायंट्सनी, तो मॅच केला (तेवढंच देऊ केलं) आणि जिलाँगला पहिल्या फेरीतले तीन पिक देऊन ट्रेड करावा लागला. नकाराचं ताजं उदाहरण २०२५ चं: एसेंडनचा कर्णधार झॅक मेरेट हॉथॉर्नला जाऊ पाहत होता, करार बाकी होता, एसेंडनने शेवटपर्यंत सोडलं नाही.

४. पिक, पॉइंट्स आणि बिड

ड्राफ्टचा मूळ नियम सोपा आहे: शेवटचा संघ आधी निवडतो, विजेता शेवटी. गुंता फादर-सन आणि अकॅडमीमुळे होतो. वडील एखाद्या क्लबकडून शंभर किंवा जास्त सामने खेळले असतील तर त्या क्लबला मुलावर हक्क मिळतो, पण फुकट नाही. दुसऱ्या क्लबने ज्या नंबरवर बिड लावली त्या नंबरच्या किमतीइतके पॉइंट्स आपल्या पिकमधून भरावे लागतात. बुलडॉग्जच्या लिस्टमध्ये ही परंपरा ठळक दिसते: टोनी लिबरेटोरचा मुलगा टॉम, ल्यूक डार्सीचा मुलगा सॅम, जो २०२१ मध्ये २ नंबरवर आला.

हे पॉइंट्सचं कोष्टक २०१५ मध्ये आलं. पहिल्या पिकला ३००० पॉइंट्स, दुसऱ्याला २५१७, अठराव्याला ९८५, असं उतरत जाणारं. बिड मॅच करणाऱ्या क्लबला तेव्हा पहिल्या फेरीत २० टक्के सूट होती. २०२५ पासून ती १० टक्के झाली आणि मागच्या पिकांचं वजनही कमी केलं गेलं. म्हणून जुन्या वर्षांच्या सौद्यांची तुलना करताना त्या वर्षाचंच कोष्टक घ्या.

प्रत्यक्षात कसं चालतं ते २०२० मध्ये बघा. जमारा युगल-हेगन हा बुलडॉग्जच्या अकॅडमीचा मुलगा, आणि पहिलीच बिड त्याच्यावर येणार हे सगळ्यांना माहीत होतं. ३००० वजा २० टक्के, म्हणजे २४०० पॉइंट्स हवेत. त्या ऑक्टोबरमध्ये बुलडॉग्जनी १४ नंबरचा पिक कॉलिंगवूडला दिला आणि अॅडम ट्रेलोरसोबत मागचे अनेक पिक घेतले. १४ नंबरचा पिक हातात ठेवला असता तरी बिडमध्ये तो गिळलाच गेला असता. त्याऐवजी एक तयार मिडफिल्डर आणि बिडपुरते पॉइंट्स, दोन्ही मिळालं. अॅडलेडने १ नंबरवर बिड लावली, बुलडॉग्जनी मॅच केली. 'चांगला पिक देऊन हे किरकोळ पिक कशाला घेतले?' असं कोणी विचारलं तर उत्तर बहुधा ड्राफ्टच्या रात्री असतं.

अकॅडमीच्या बाबतीत आपल्यासाठी एक खास गोष्ट आहे आणि ती फार थोड्या मराठी पालकांना ठाऊक असते. नेक्स्ट जनरेशन अकॅडमी मूळ रहिवासी मुलांसाठी आहे, तशीच ज्यांची आई किंवा वडील आशियात अथवा आफ्रिकेत जन्मले त्यांच्यासाठीही आहे. आई पुण्याची किंवा बाबा नाशिकचे असतील आणि मुलगा क्लबला नेमून दिलेल्या भागात राहत असेल, तर त्याच्यासाठी हा रस्ता उघडा असू शकतो. युगल-हेगननंतर अशा मुलांवरच्या बिड मॅच करण्याचे नियम आधी कडक झाले आणि नंतर पुन्हा सैल. मुलगा ऑसकिकमध्ये (लहान मुलांच्या फुटीच्या कार्यक्रमात) रमला असेल तर स्थानिक क्लबमधल्या प्रशिक्षकाला चालू नियम जरूर विचारा.

भविष्यातले पिक हा आणखी एक कोपरा. २०१५ पासून पुढच्या वर्षाचा पिक देता येतो, आता दोन वर्षं पुढचाही. आपण पुढच्या वर्षी कितवे येऊ यावर त्या पिकची किंमत ठरते, म्हणजे 'फ्युचर फर्स्ट' देणारा क्लब स्वतःच्या भवितव्यावर पैज लावत असतो. त्यात २०२८ मध्ये टास्मानियाचा एकोणिसावा संघ येण्याचं ठरलं आहे आणि नव्या संघाला ड्राफ्टमध्ये सवलती मिळणार आहेत. त्या सुमाराचे पिक आजच्याइतके भारी धरू नका.

५. सॅलरी कॅप

अठराही क्लबांना पगाराची कमाल मर्यादा एकच. किमानही आहे: मर्यादेच्या ९५ टक्के तरी खर्च करावाच लागतो. त्यामुळे तरुण लिस्ट असलेला क्लबसुद्धा फार पैसे वाचवू शकत नाही, आणि कधी कधी मध्यम खेळाडूला भरघोस पगार मिळालेला दिसतो तो यामुळे.

कॅप फुगली की काय होतं ते कॉलिंगवूडने २०२० मध्ये दाखवलं. बरीच वर्षं करार बाकी असलेला ट्रेलोर त्यांनी सोडला आणि त्याच्या पगाराचा काही भाग स्वतः भरायचं कबूल केलं. २०२२ मध्ये ब्रॉडी ग्रंडीच्या बाबतीत पुन्हा तेच. चाहत्यांना ते फार लागलं. पण जागा मोकळी झाली, लिस्ट सावरली आणि २०२३ मध्ये ते विजेते ठरले. इकडे ट्रेलोर २०२४ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या, संघात निवडला गेला. एका ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचं भलं होऊ शकतं.

६. वहीत तक्ता मांडा

आडव्या ओळीत जागा लिहा: उंच फॉरवर्ड, छोटा फॉरवर्ड, रक (वर उडालेला चेंडू आपल्या बाजूला ढकलणारा उंच खेळाडू), आतला मिडफिल्डर, विंग, हाफ-बॅक, उंच डिफेंडर. उभ्या ओळीत वयाचे गट: २१ पर्यंत, २२ ते २५, २६ ते २९, तिशीच्या पुढे. आता प्रत्येक खेळाडू आपापल्या चौकटीत टाका आणि शेजारी करार संपण्याचं वर्ष.

अर्ध्या तासाचं काम आहे आणि मेलबर्नमध्ये दहा वर्षं काढलेल्या चाहत्यालाही तुम्ही त्यानंतर काहीतरी नवं सांगू शकाल. रिकाम्या चौकटी उघड दिसतात. तिशीच्या पुढे दोन उंच डिफेंडर आणि खाली कोणीच नाही, तर येत्या ऑक्टोबरची गरज तीच, मग बाजारात कितीही झगमगता मिडफिल्डर असो. उंच खेळाडू आणि रक यांना तयार व्हायला मिडफिल्डरपेक्षा जास्त वर्षं लागतात, त्यामुळे त्यांची पोकळी दोन-तीन वर्षं आधी ओळखावी लागते. बुलडॉग्जकडे मार्कस बोंटेम्पेलीसारखा कर्णधार ऐन भरात असताना मागच्या फळीतली चौकट रिकामी ठेवणं मला परवडणारं वाटत नाही. असा खेळाडू क्लबला वारंवार मिळत नाही.

७. एक ट्रेड स्वतः तपासून बघा

सरावासाठी टॉम बॉयडचा ट्रेड घ्या. २०१४ चा ऑक्टोबर. बुलडॉग्जचा कर्णधार रायन ग्रिफेन जायंट्सकडे जायचं म्हणतो. प्रशिक्षक ब्रेंडन मॅकार्टनीही पद सोडतात. क्लब कोलमडलाय असंच सगळ्यांना वाटतं. अशा वेळी बुलडॉग्ज ग्रिफेनसोबत ६ नंबरचा पिकही देतात आणि बदल्यात आदल्या ड्राफ्टचा पहिला पिक, बॉयड, आणतात: एकोणीस वर्षांचा, एएफएलचे नऊ सामने खेळलेला, सात वर्षांच्या करारावर. पगार वर्षाला दहा लाख डॉलरच्या घरात असल्याचं तेव्हा छापून आलं होतं.

आता तिन्ही प्रश्न विचारा. काय कमी होतं? उंच फॉरवर्ड, १९५४ नंतर विजेतेपद नव्हतं आणि पुढची फळी उघडी होती. काय दिलं? जाणार हे ठरलेला कर्णधार आणि एक उत्तम पिक. नवी अडचण? कॅपचा मोठा हिस्सा एका कोवळ्या खांद्यावर.

२०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये बॉयडने तीन गोल केले. शेवटच्या क्वार्टरमधला लांबचा गोल गेला आणि बासष्ट वर्षांची प्रतीक्षा संपल्याचं स्पष्ट झालं. २०१९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, करार बाकी असताना तो निवृत्त झाला. शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याबद्दल तो मोकळेपणाने बोलला. करारातली उरलेली वर्षं मोजून कोणी या ट्रेडला महाग म्हणेल. माझ्या मते तो बुलडॉग्जच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा ट्रेड आहे आणि हे मी कोणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे.

८. नेहमीचे खड्डे

आलेल्यांचीच नावं मोजायची, दिलेलं विसरायचं. हा सगळ्यात मोठा खड्डा. आपल्या बाकावरच्या खेळाडूसाठी समोरचा क्लब पहिल्या फेरीतला पिक देईल असं वाटणं हा दुसरा. तो खेळाडू समोरच्याच्या तक्त्यात कुठल्या चौकटीत बसतो ते आधी बघा.

निकाल लगेच लावू नका. २००७ मध्ये क्रिस जड वेस्ट कोस्टहून कार्लटनला गेला. २०१० चं ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) त्याने कार्लटनसाठी जिंकलं, तेव्हा पारडं एकीकडे झुकलेलं वाटलं. पण बदल्यात गेलेला जॉश केनेडी वेस्ट कोस्टचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला, सातशेहून अधिक गोल, आणि २०१८ च्या विजेत्या संघातही तो होता.

उलट बाजूने, नंतर कळलेल्या गोष्टींवरून त्या दिवशीच्या निर्णयाला झोडपू नका. बुलडॉग्जचा बेली स्मिथ २०२४ मध्ये गुडघ्याच्या दुखापतीमुळे एकही सामना खेळला नाही, करार संपला, त्याने जिलाँगचं नाव घेतलं. हातात आला तो मुख्यतः १७ नंबरचा पिक. २०२५ मध्ये तो ऑल-ऑस्ट्रेलियन झाला आणि जिलाँग ग्रँड फायनलला पोहोचलं. मनाला लागतंच. तरी त्या ऑक्टोबरमध्ये बुलडॉग्जच्या हातात किती पत्ते होते ते तिसरी पायरी वाचून ठरवा.

अफवांसाठी एक साधी चाळणी: खेळाडूने स्वतः किंवा त्याच्या मॅनेजरने क्लबचं नाव घेतलंय का? तोवर ट्रेड रेडिओवर ऐकलेलं सगळं फक्त ऐकून ठेवा.

दोन-तीन शब्द कानावर पडतीलच. 'ओव्हर्स' म्हणजे जास्त किंमत मोजली, 'अंडर्स' म्हणजे कमीत मिळालं, आणि सौदा जमावा म्हणून वर टाकलेल्या किरकोळ पिकला किंवा खेळाडूला 'स्टेक नाइव्ह्ज' म्हणतात. हा शेवटचा शब्द खेळाडूच्या घरच्यांसमोर वापरू नये. पश्चिम मेलबर्नमध्ये ते शेजारच्या गल्लीत राहत असू शकतात. जाणाऱ्या खेळाडूला शिव्या देणं तर नाहीच. घर, आजारपण, लहान मुलं, दुसऱ्या राज्यातले आईवडील, अशी कारणं असतात. दूर देशात संसार मांडलेल्या आपल्यासारख्यांना ती वेगळी सांगायला नकोत.

९. ड्राफ्टची रात्र चुकवू नका

ट्रेड पिरियड संपला म्हणून तक्ता मिटवू नका. २०१८ पासून ड्राफ्ट चालू असतानाही क्लब आपापसात पिक बदलू शकतात, त्यामुळे संध्याकाळी लिहून ठेवलेला क्रम रात्रीपर्यंत टिकत नाही. कोष्टक जवळ ठेवा, फादर-सन आणि अकॅडमीच्या मुलांची नावं आधी लिहा आणि बिड येताच पॉइंट्स वजा करत जा.

त्यानंतर होणाऱ्या रूकी ड्राफ्टकडे बरेच जण पाठ फिरवतात. तुम्ही तिथली नावंही चौकटीत लिहा. २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये शेवटच्या क्वार्टरला लान्स फ्रँकलिनला टॅकल करून ज्याने चेंडू सोडवला आणि तो बॉयडपाशी पोहोचला, तो डेल मॉरिस बुलडॉग्जकडे रूकी म्हणूनच आला होता.